बाथरूममधला गॅस गीझर आणि हवेचा हिशेब

मंडळी, आमच्या लहानपणी परसात तांब्याचा बंब असायचा. मधल्या नळीत ढलप्या आणि कोळसा, भोवती पाणी. बंब पेटायचा उघड्यावर आणि ऊन पाणी बादलीतून न्हाणीत जायचं. जाळ बाहेर, आंघोळ आत. गॅस गीझर आला आणि तोच जाळ कडी लावलेल्या दाराआड आपल्या डोक्याशी येऊन बसला. माझी तीस वर्षं बर्नरच्या कामात गेली, म्हणून मला आज या एकाच गोष्टीवर बोलायचं आहे.

दर हिवाळ्यात आपण बातमी वाचतो. दार तोडलं तेव्हा गीझर चालूच होता. मग लोक विचारतात, गॅस लीक होता का? लीक असायची गरजच नसते. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, म्हणून गळती आपल्याला कळते. पण ज्योतीत गॅससोबत तो वासही जळून जातो. हवा अपुरी पडली की त्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो.

आता हिशेब मांडू. आपल्याकडचा नेहमीचा गीझर मिनिटाला 6 लिटर पाणी 25 अंशांनी तापवतो. त्यासाठी तासाला साधारण 1 किलो गॅस जळतो आणि तो नीट जळायला मिनिटाला किमान 200 लिटर हवा लागते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला 6 ते 8 लिटर हवा आत घेतो. म्हणजे पंचवीसेक माणसांची हवा तो डबा एकटा ओढतो. शिवाय आपण सोडलेल्या श्वासात 16 टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. ज्योतीतून गेलेल्या हवेत तेवढाही उरत नाही.

आणि बाथरूम केवढी? 4 बाय 6 फूट, उंची 8 फूट. आत सगळी मिळून सुमारे 5,400 लिटर हवा. खिडकी बंद असेल तर पंधरा मिनिटांत बर्नर 3,000 लिटर मागतो. जळून आलेली हवाच तो पुन्हा ओढू लागतो, ज्योत लांब आणि पिवळट होते आणि विष वाढत जातं. अमेरिकेतल्या गॅस नियमांत खोलीतल्याच हवेवर चालणाऱ्या उपकरणासाठी तासाला जळणाऱ्या दर 1,000 बीटीयूमागे (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एक माप) 50 घनफूट जागा धरतात. आपला गीझर त्या मापाने 2,100 घनफुटांहून मोठी खोली मागतो. आपली बाथरूम 192 घनफुटांची. ब्रिटनमध्ये 1998च्या नियमांनुसार बाथरूममध्ये नवा गॅस गीझर बसवायचा तर तो बंद पेटीचाच लागतो, म्हणजे हवा बाहेरून घेणारा आणि धूरही बाहेरच सोडणारा.

माझ्या बहिणीकडची एक दिवाळी सांगतो. नरक चतुर्दशी, पहाटेची थंडी, एकामागून एक पाच जणांचं अभ्यंगस्नान. खिडकीच्या काचपट्ट्यांना वारा येतो म्हणून थर्माकोल लावलेला. पाचवा नंबर भाच्याचा. तो भिंत धरत बाहेर आला आणि ओकला. सगळे म्हणाले, पित्त झालं. मी आधी खिडकी पाहिली. पहिल्या चौघांनी वापरलेली हवा त्याच्या वाट्याला आली होती. डोकं दुखणं, मळमळ, पायांतलं बळ जाणं ही या विषबाधेचीच लक्षणं. बळ गेलं की कडीपर्यंत हात पोहोचत नाही, हे त्यातलं सर्वांत भयंकर.

एक्झॉस्ट फॅन आहे ना, असं पुष्कळजण म्हणतात. फॅन हवा बाहेर काढतो. आत यायला वाट नसेल तर तो काढणार काय? उलट गीझरला धुराचा पाइप असेल, तर फॅनच्या ओढीने तोच धूर खाली खेचला जातो. म्हणून दोन वाटा हव्यात, एक जमिनीलगत आणि एक छताजवळ, दोन्ही कायमच्या उघड्या. सरकवून बंद करता येणारी खिडकी मी यात धरतच नाही. थंडीत आपण ती बंद करणारच.

गीझर बाथरूममध्ये नकोच, हे माझं स्पष्ट मत आहे. पुण्याकडे तो ड्राय बाल्कनीत लावतात, ते बरोबर आहे. पण पुढे त्याच बाल्कनीला स्लायडिंग काचा बसतात आणि ती पुन्हा बंद खोली होते. काचा हव्या असतील तर गीझर हलवा.

आणि कोणी आत बेशुद्ध सापडलं, तर दार-खिडक्या सताड उघडा, त्याला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा. दवाखान्यात शिरताच सांगा की घरात गॅस गीझर चालू होता. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी फसवतं. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरलेलं वाटतं, 98 चा आकडा दिसतो आणि माणूस मात्र गुदमरत असतो. तुम्ही गीझरचं नाव काढलंत, तर डॉक्टर त्या आकड्यावर थांबणार नाहीत, लगेच शुद्ध ऑक्सिजन सुरू करतील. साध्या हवेत हे विष निम्मं व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.