४० मुलं, ४ तुकडे

[दृश्य: नागपुरातला सातवीचा वर्ग. मुलं बाकं फिरवत आहेत.]

बाकं समोरासमोर आली म्हणजे मुलं एकत्र शिकू लागली, असं नाही. बरेचदा एक जण लिहितो, तिघं बघतात आणि मार्क चौघांना सारखेच. हे टाळायचं तर प्रत्येकाकडे इतरांजवळ नसलेलं काहीतरी हवं.

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानं एका वर्गात आली, तेव्हा त्यांच्यात तेढ होती. तिथे १९७१ साली एलियट ॲरन्सन यांनी जी पद्धत वापरली, ती जिगसॉ: धड्याचे तुकडे करायचे, गटातल्या प्रत्येकानं एकच तुकडा शिकायचा आणि तो बाकीच्यांना शिकवायचा.

[दृश्य: अंबाझरी तलाव, मग नाग नदीचं पात्र.]

आजचा धडा नाग नदीचा. तुकडे चार: लाव्हा गावाकडच्या टेकड्यांतला उगम, अंबाझरी तलाव, शहरातलं सांडपाणी, कन्हान नदीपर्यंतची वाट. प्रत्येकी शंभरेक शब्द, आधीचा तुकडा न वाचताही कळतील असे. शिक्षकाची खरी मेहनत इथेच. धडा नुसता कात्रीनं कापला, तर तिसऱ्या तुकड्यातलं ‘त्यामुळे’ लोंबकळत राहतं.

[दृश्य: मुलं जागा बदलतात.]

पट ४०, म्हणजे चौघांचे १० मूळ गट, प्रत्येक गटात चौघांना चार वेगळे तुकडे. ते शिक्षकांनीच पाडायचे; मुलांवर सोडलं की दोस्तमंडळी एकत्र आणि दोन-तीन मुलं कोपऱ्यात. आता सारखा तुकडा मिळालेली मुलं तज्ज्ञ गटात जमतात. ती होतात १०, आणि दहांत चौघंच बोलतात. म्हणून पाच-पाचचे दोन गट. वाचन ५ मिनिटं, चर्चा १०. इथे घाई केली, तर चुकीचं समजलेलं मूल तेच तिघांना शिकवतं. शिक्षकांनी या वेळी वाचनात कच्च्या मुलांजवळ थांबावं.

मूळ गटात परतल्यावर प्रत्येकाला ३ मिनिटं. कागद पालथा! हातात असला की मुलं समजावत नाहीत, वाचून दाखवतात. कुणी गैरहजर असेल, तर त्याच्या तुकड्यापुरता तो गट शेजारच्या गटात बसतो.

[दृश्य: मुलं एकेकटी लिहीत आहेत.]

मग १० मिनिटांची चाचणी, ज्याची त्यानं सोडवायची. गटाला मार्क नाहीत. एक प्रश्न असा: सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी ओसंडला, तेव्हा पाणी वस्त्यांत का शिरलं? एका तुकड्यावर याचं उत्तर निघत नाही.

बाकं हलवण्यातच ५-७ मिनिटं जातात, त्यामुळे ४० मिनिटांत हे बसत नाही. जोडतास घ्यावा, नाहीतर चाचणी दुसऱ्या दिवशी ठेवावी.