कुंकू किती काळं?

नमस्कार. पडद्यावर काही दाखवण्याआधी एक फोटो हातोहात फिरवतो. कडेनं धरा, कागद जुना आहे. ही माझी पणजी. नऊवारी, नाकात नथ, मांडीवर माझी आजी. आता कपाळाकडे बघा. कुंकू रुपयाएवढं आहे आणि काजळासारखं काळंकुट्ट आहे. लहानपणी मी आजीला विचारलं होतं, पणजी काळं कुंकू का लावायची? आजी म्हणाली, "काळं कसं असेल बाळा? लालभडक पिंजर असायचं तिचं."

आजी बरोबर होती आणि फोटोही खोटा नव्हता. त्या काळी स्टुडिओत फिल्मच्या जागी रसायन लावलेली काच वापरत, आणि त्यातल्या बऱ्याच काचा ऑर्थोक्रोमॅटिक असत. त्यांना निळा आणि हिरवा उजेड कळायचा, लाल कळायचाच नाही. म्हणून तर त्या काचा लाल दिव्यात धुता यायच्या. कुंकवावरून येणारा लाल उजेड काचेवर काही उमटवत नसे, निगेटिव्हवर ती जागा कोरी राही आणि छापताना काळी येई. आभाळाचं उलट. निळा उजेड भरपूर उमटायचा, म्हणून जुन्या फोटोंतलं आभाळ पांढरंफटक दिसतं. हर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८७३मध्ये रंगद्रव्य मिसळून काचेला हिरव्याची ओळख करून दिली, त्याआधी तर तिला निळ्याजांभळ्यापलीकडे फारसं काही दिसत नव्हतं. सगळे रंग जाणणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा इंग्लंडमध्ये बाजारात आल्या त्या १९०६मध्ये.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की कुठला रंग किती काळा दिसावा हे निसर्गानं ठरवून दिलेलं नाही. पणजीच्या वेळी ते काचेनं ठरवलं. आज सॉफ्टवेअरमध्ये रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना ते कुणीतरी ठरवतंच. तुम्ही ठरवलं नाहीत, तर ज्यानं प्रोग्रॅम लिहिला तो ठरवतो.

आता पडद्यावर बघा. हिरवी साडी, लाल काठ. काठाच्या एका ठिपक्याचे आकडे वाचतो, ० म्हणजे तो रंग अजिबात नाही, २५५ म्हणजे पूर्ण: लाल १८०, हिरवा ४०, निळा ४०. साडीच्या अंगाचे आकडे: लाल ४०, हिरवा १८०, निळा ४०. फोटोशॉपमध्ये 'डीसॅच्युरेट' दाबतो. काठ गेला! साडी एकरंगी झाली. कारण ही आज्ञा तीन आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेते आणि त्यांची सरासरी काढते. १८० अधिक ४०, भागिले २. दोन्हीकडे ११०. तिच्या लेखी लाल आणि हिरवा एकच. ज्या विणकरानं तो काठ जोडला, त्याची मेहनत एका बटणानं पुसली गेली.

दुसरा हिशेब डोळ्यांच्या जवळ जाणारा आहे. माणसाच्या डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो, निळा सर्वांत मंद. म्हणून लाल ३० टक्के, हिरवा ५९ टक्के, निळा ११ टक्के धरायचा. त्या हिशेबानं काठ ८२वर येतो आणि साडी १२३वर. काठ परत दिसला. हे प्रमाण टीव्हीतून आलंय. रंगीत प्रक्षेपण सुरू झालं तरी लोकांच्या घरातले जुने संच चालायला हवे होते, म्हणून रंगांतून उजेडाचा वेगळा सिग्नल काढायची सोय करावी लागली. आपल्याकडे १९८२मध्ये रंगीत दूरदर्शन आलं, तेव्हा बहुतेक घरांत कृष्णधवल संचच होते. एशियाडचे सामने आपण त्या हिशेबातूनच पाहिले. चांगला हिशेब आहे, पण सरासरी डोळ्याचा आहे. तुमच्या फोटोत काय महत्त्वाचं आहे, हे त्याला माहीत नाही.

म्हणून मी एकच गोष्ट उघडायला सांगेन. फोटोशॉपमध्ये 'ब्लॅक अँड व्हाइट' नावाचा अॅडजस्टमेंट लेअर, २००७च्या सीएस३ आवृत्तीपासून आहे. लाल, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा, मजेंटा असे सहा स्लायडर. लाइटरूममध्ये आठ आहेत, तिथे नारिंगी आणि जांभळा वेगळा मिळतो. गिंप फुकट आहे, त्यात 'मोनो मिक्सर' वापरा. मोबाइलवर स्नॅपसीडच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये रंगीत फिल्टरचे गोल आहेत, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. सगळीकडे काम तेच चालतं: रंग मूळ फाइलमध्ये तसाच राहतो आणि तो किती उजळ राखाडी व्हावा हे तुम्ही सांगता. एक गोष्ट मात्र पाळा. आधी ग्रे करून मग स्लायडर शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही, कारण तेव्हा लाल आणि हिरवा वेगळे ओळखायला माहितीच उरलेली नसते.

आता जेजुरी. सोमवती अमावस्या, पायऱ्यांवर भंडारा उधळलाय, वर निळं आभाळ. हळदीच्या ढगावर एक ठिपका धरतो: लाल २३०, हिरवा १७०, निळा ३०. आभाळ: ९०, १४०, २१०. आधी नुसता निळा चॅनेल दाखवतो, म्हणजे प्रत्येक ठिपक्याचा फक्त निळा आकडा घेऊन केलेलं चित्र. हळद कोळशाच्या भुकटीसारखी काळी आणि आभाळ पांढरं! खंडोबाच्या पायरीवर जणू धूर कोंडलाय. आता नुसता लाल चॅनेल. हळद पांढरीशुभ्र, आभाळ गडद, दीपमाळा त्यावर कोरल्यासारख्या उभ्या. एकच क्षण, एकच फाइल, आणि दोन चित्रं एकमेकांच्या अगदी उलट.

अमेरिकेतल्या योसेमिटीच्या खोऱ्यात ॲन्सेल ॲडम्सनं १० एप्रिल १९२७ला हाफ डोमच्या कड्याचा फोटो काढला. आधी भिंगापुढे पिवळा फिल्टर लावून काच वापरली. मग त्याच्या लक्षात आलं, की आभाळ जितकं गंभीर मनात आहे तितकं येणार नाही. एकच काच शिल्लक होती. तिच्यासाठी त्यानं गडद लाल फिल्टर लावला, निळा उजेड अडला आणि आभाळ जवळजवळ काळं आलं. त्याला हे शटर दाबण्याआधी ठरवावं लागलं, तेही शेवटच्या काचेवर. आपल्याला घरी चहा पीत ठरवता येतं. पण ठरवायचं तेवढंच गंभीरपणे, असं माझं मत आहे.

जेजुरीचे बहुतेक फोटो मी ब्लॅक अँड व्हाइट करत नाही. सोन्याची जेजुरी म्हणतात ती त्या पिवळ्यामुळे, आणि तो काढला तर उरते ती पिठाच्या गिरणीतली गर्दी. पण हा पुढचा बघा. डोळे मिटलेले एक आजोबा, अंगावर भंडारा पडतोय. रंगीत फोटोत चेहरा, फेटा, भिंत, सगळं इतकं पिवळं आहे की नजर कुठेच थांबत नाही. इथे पिवळा काढल्यावर माणूस सापडला. पिवळ्याचा स्लायडर वर नेला तर चेहरा सपाट पांढरा होतो, म्हणून मी तो खाली आणला, हळूहळू. आता पापण्या मोठ्या करून दाखवतो. प्रत्येक केसावर हळदीचे कण अडकलेत. रंगीत फोटोत ते मला कधी दिसलेच नव्हते.

स्लायडर ताणायला मर्यादा आहे. आभाळ काळं करायच्या नादात निळा पार तळाला नेला, की आभाळात दाणे उठतात, पट्टे पडतात, झाडाच्या कडेनं पांढरी रेघ येते. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेल्या कच्च्या नोंदीत, १६,३८४. त्यामुळे शक्य असेल तर रॉमध्ये काढा. नसेल तर निम्म्यावर थांबा आणि उरलेलं काम मास्क लावून, म्हणजे बाकीचा फोटो झाकून, फक्त आभाळावर करा.

आता मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट. सॉफ्टवेअरच्या लेखी माणसाची कातडी नारिंगी असते, गोऱ्याचीही आणि सावळ्याचीही. नारिंगी स्लायडर उजवीकडे नेला की माणूस उजळतो. हे इतकं सोपं आहे की हात आपोआप तिकडे जातो. आमच्या भागात भाजी विकणाऱ्या एका मावशींचा फोटो मी असाच 'उठाव' यावा म्हणून उजळला आणि छापून त्यांना दिला. त्यांनी बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "फोटो चांगलाय रे, पण ही माझी धाकटी जाऊ दिसते." मला लाज वाटली. चाळीस वर्षं उन्हात बसून कमावलेला रंग मी न विचारता काढून घेतला होता. दुसऱ्यांदा केला तेव्हा नारिंगी जागेवर ठेवला, मागची भिंत गडद केली, आणि चेहरा त्याच्याच उजेडात वर आला.

त्याच फोटोत कुंकवाचाही प्रश्न होता. लाल फिल्टरचा तयार प्रीसेट लावला की कुंकू त्वचेइतकंच उजळ होतं आणि कपाळ मोकळं दिसतं. कुंकू लावणाऱ्या बाईचं कपाळ मोकळं दाखवणं म्हणजे आपल्याकडे काय, हे इथे कुणाला सांगायला नको. मी लाल खाली ओढला. कुंकू आलं, पण ओठही काळे पडले, म्हणून मग ओठ आणि गाल मास्कनं सोडवले. पणजीच्या काचेनं जे आपोआप केलं होतं, त्याला मला वीस मिनिटं लागली.

छापायला देण्याआधी एक छोटा नमुना काढून बघा. पडद्यावर दिसणाऱ्या गडद छटा कागदावर बहुतेक वेळा मिटतात, आणि मावशींच्या केसांसारखी ठिकाणं सर्वांत आधी जातात.

पणजीचा फोटो कुणाकडे पोचलाय? इकडे द्या. आता मागचे दिवे लावा. तुम्ही आणलेले फोटो उघडा, पण अजून काही दाबू नका. आधी रंगीतच बघा आणि शेजारच्याला सांगा, यातले कोणते दोन रंग ग्रेमध्ये एकमेकांत मिसळतील आणि त्यातला कोणता तुम्हाला हवाय.