लेकराची सात वर्षं

(एका सार्वजनिक वाचनालयातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. माईक जरा खाली घेते. मागच्या बाकांवर अंगणवाडीच्या ताई बसल्यात, ऐकू येतंय ना? आज मला तुमच्याशीच जास्त बोलायचं आहे. कारण वकिलाकडे बाई पोचते ती शेवटी, तुमच्याकडे ती आधी येते.

पत्रिकेवर ‘पितृत्वनिश्चिती आणि बालकाची पोटगी’ असं भारदस्त नाव छापलंय. माझं म्हणणं एवढंच आहे: लेकराचा बाप कोण, हा प्रश्न कोर्टानं पहिल्याच तारखेला विचारावा आणि दोन-तीन महिन्यांत निकाली काढावा. आज तो सगळ्यात शेवटी सुटतो. तो सुटेपर्यंत लेकराच्या पोटात काय जातं, हे कुठल्याच रोजनाम्यात लिहिलेलं नसतं.

आधी एक गोष्ट सांगते. लांबेल, पण सांगते. कायदा मी पुस्तकातून शिकले खरा, तो कळला मात्र हिच्यामुळे.

साल २००६. मी तेव्हा तालुका कोर्टात नवीन होते. विधी सेवा समितीकडून माझ्याकडे एक मुलगी आली. वय असेल एकोणीस-वीस, कडेवर चार महिन्यांची पोर, पोरीच्या डोक्याला टोपडं. आईबापाबरोबर ऊसतोडीला जायची. कारखान्याच्या तळावर मुकादमाच्या नात्यातला एक ट्रॅक्टरवाला होता. लग्न करतो म्हणाला. दिवस गेल्यावर त्याचा फोन लागेना. पोर कोपीतच, म्हणजे तळावरच्या पाचटाच्या खोपटातच, जन्मली.

पोटगीचा अर्ज केला. समन्स घेऊन पोलीस त्याच्या गावी गेला की घरचे सांगायचे, ‘कारखान्यावर गेलाय.’ कारखान्यावर गेला की मुकादम सांगायचा, ‘गावी गेलाय.’ असे चौदा महिने गेले. शेवटी तो हजर झाला आणि लेखी म्हणणं दिलं की या बाईला मी ओळखतच नाही. तिच्याकडे जत्रेतल्या स्टुडिओत काढलेला दोघांचा फोटो होता. तो दाखवल्यावर म्हणणं बदललं: ओळखतो, पण पोर माझी नाही.

आम्ही अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतची, पोटगी मागितली. पोटगीच्या कायद्यातल्या २००१ च्या दुरुस्तीनं ती सोय झाली होती, आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत असा अर्ज निकाली काढावा, असंही कायदा सांगत होता. आम्हाला उत्तर मिळालं की पितृत्वच वादात आहे, मग पोटगी कशी देणार? तिथंच खरी गाठ बसली. पोटगी हवी तर बाप सिद्ध करा. बाप सिद्ध करायचा तर तपासणी हवी. तपासणीला तो येत नाही. आणि तो येत नाही म्हणून पोटगीही नाही.

डीएनएसाठी तिघांनाही सिव्हिल हॉस्पिटलला बोलावलं. ही पहाटे सहाची एसटी धरून पोरीला घेऊन यायची. पहिल्या वेळी त्याच्याकडून तापाचं सर्टिफिकेट आलं. दुसऱ्या वेळी गळीत हंगाम. तिसऱ्या वेळी काहीच आलं नाही. तोवर पोर तीन वर्षांची झाली होती. हॉस्पिटलच्या बाकावर बसून तिनं मला विचारलं, ‘आज तरी सुई टोचणार ना?’ सुई टोचल्यावर खाऊ घेऊ, असं आईनं कबूल केलं होतं. दोन वेळा सुई नाही आणि खाऊही नाही. त्या दिवशी खाऊ मी घेऊन दिला. पण त्या बाकावर मी जी गप्प बसले, ती गप्प अजून माझ्या घशात आहे.

मधे दोन न्यायाधीश बदलले. शेवटी वॉरंट निघालं, नमुना घेतला, अहवाल आला. बाप तोच. २०१३ मध्ये हुकूम झाला: महिना १,५०० रुपये, हुकमाच्या तारखेपासून.

हे शेवटचे दोन शब्द नीट ऐका. हुकमाच्या तारखेपासून. अर्ज केला तेव्हा चार महिन्यांची असलेली पोर दुसरीत गेली होती. सात वर्षं, म्हणजे ८४ महिने. १,५०० नं गुणा: १,२६,००० रुपये. एवढा काळ त्यानं खोटं सांगितलं, टाळलं, आणि त्याबद्दल त्याला एक लाख सव्वीस हजारांची माफी मिळाली. ऊसतोडीतल्या बाईला एवढी उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायला किती हंगाम वाकावं लागतं, ते इथं बसलेल्या काहींना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

(इथं सभागृहातून एका बाईंनी विचारलं, ‘मग वरच्या कोर्टात का नाही गेलात?’)

बरोबर विचारलंत. ती नको म्हणाली. ‘अजून एसटीला पैसे कुठनं आणू?’ असं म्हणाली. आणि मी ऐकलं. तिचं ऐकायला नको होतं, असं आज वाटतं.

पोरीच्या शाळेचंही सांगते. दाखल्याच्या फॉर्मवर वडिलांच्या नावाची रेघ होती. कारकून म्हणाला, रेघ रिकामी ठेवता येत नाही. आईनं स्वतःच्या बापाचं नाव लिहिलं. म्हणजे ती पोर कागदावर आईची बहीण झाली! पुढे ते नाव दुरुस्त करायला पुन्हा हेलपाटे घालावे लागले. म्हणून १ मे २०२४ पासून महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि मग आडनाव असा क्रम सरकारी कागदांवर आला, तेव्हा मला ती रेघ आठवली. बाप कागदावर यायला सात वर्षं लागली. आईला कुठल्या सिद्धतेची गरज पडली नव्हती, ती पहिल्या दिवसापासून तिथंच होती.

आता कायदा. जुन्या सिनेमात हातावरच्या डागावरून नाहीतर रक्तगटावरून बाप सापडायचा. रक्तगटावरून बाप ठरत नाही. फार तर अमुक माणूस बाप नसावा, एवढं कधीकधी कळतं. डीएनएमध्ये मात्र निम्मा वारसा आईचा आणि निम्मा बापाचा असतो. आईचं वजा केलं की उरलेलं जुळतं की नाही, ते दिसतं.

मग प्रत्येक खटल्यात ही तपासणी का होत नाही? कारण एकच तपासणी दोन उलट कामांना वापरली जाते. एका दाराशी नवरा उभा असतो: ‘मूल माझं नाही, तपासा.’ दुसऱ्या दाराशी आई उभी असते: ‘मूल याचंच आहे, तपासा.’ ही दोन दारं वेगळी आहेत हे ध्यानात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

पहिल्या दारावर १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११२ पहारा देत होतं. आता तेच भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ११६ आहे. लग्न टिकून असताना, किंवा ते संपल्यावर आईनं पुन्हा लग्न केलेलं नसताना २८० दिवसांच्या आत मूल झालं, तर ते त्या नवऱ्याचंच धरलं जातं. त्या काळात दोघांचा संबंध येणं शक्यच नव्हतं, असं त्यानं सिद्ध केलं तरच सुटका. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बजावलं की रक्ततपासणी सरसकट देऊ नका. २०१४ मध्ये नागपूरकडच्या एका प्रकरणात मात्र दोनदा डीएनए होऊन नवरा बाप नसल्याचं निघालं. तेव्हा न्यायालयानं विज्ञानाला वरचा मान दिला, पण आधी दिलेली पोटगी परत घेता येणार नाही असंही सांगितलं. पुढे २०२३ मध्ये पुण्याच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात तेच न्यायालय म्हणालं की आईवरचा आरोप शाबीत करायला मुलाला हत्यार करू नका. मला हे पटतं. भांडण नवरा-बायकोचं आहे, त्यात लेकराच्या दंडातलं रक्त कशाला?

पण दुसऱ्या दाराला पहारा कशाला हवा? माझ्या त्या मुलीचं लग्नच झालं नव्हतं, त्यामुळे कलम ११२ चा आधार तिच्या पोरीला नव्हता. सगळा भार आईवर. आणि पहिल्या दारासाठी ठेवलेली सावधगिरी, तो ‘सरसकट तपासणी नको’चा मंत्र, वकील लोक सर्रास दुसऱ्या दाराशी आणून म्हणतात. माझं भांडण त्याच्याशी आहे. तिथं तपासणी लेकराचा बाप हिरावत नाही, मिळवून देते. नारायण दत्त तिवारींचं प्रकरण आठवा. हेच माझे वडील, असा दावा मुलानं २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात लावला, नमुना द्यायला मे २०१२ उजाडला. माजी मुख्यमंत्र्यांचा मुलगा, शिकलेला, दिल्लीत राहणारा, तरी चार वर्षं. मग कोपीत जन्मलेल्या पोरीला सात लागली यात नवल काय!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली म्हणतात. ज्या सूचनांसाठी आले त्या राहिल्याच, भराभर सांगते.

फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय. अल्पवयीन मूल औरस असो की अनौरस, म्हणजे लग्नातलं असो की लग्नाबाहेरचं, दोघांनाही हक्क सारखाच. पहिल्या तारखेला कोर्टानं सामनेवाल्याला विचारावं, मूल तुझं का? नाही म्हणाला तर तिथंच नमुन्याची तारीख द्यावी. आला नाही तर त्या दिवसापासून अंतरिम पोटगी सुरू. न आल्याचा प्रतिकूल अर्थ काढायची मुभा कोर्टाला आजही आहे, ती सातव्या वर्षी कशाला वापरायची?

नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मिळकतीचं शपथपत्र द्यावं. तेही प्रकरण नागपूर खंडपीठातून वर गेलेलं. माझ्या पोरीला हा निकाल सात वर्षं उशिरा आला. तुमच्याकडच्या बाईला आज लागू आहे, तर ‘अर्जाच्या तारखेपासून’ हे शब्द अर्जात लिहूनच घ्या.

थकबाकी साचू देऊ नका. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो, नाहीतर तेवढ्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. गावच्या बैठकीत वीस हजार हातावर ठेवून ‘आता संबंध नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात. लेकराचा हक्क आईच्या सहीनं संपत नाही. फसवणुकीची फौजदारी केस झाली असेल तर त्यातला डीएनए अहवाल पोटगीच्या अर्जातही दाखल करा, त्याची नक्कल मागून घ्या.

आणि बालकल्याण समिती. सांभाळता येत नाही म्हणून मूल कायमचं या समितीकडे सोपवायला आलेल्या आईला फेरविचाराला दोन महिने असतात. त्या दोन महिन्यांत तिला कुणीतरी सांगावं की पोटगीचा अर्ज करता येतो, वकील फुकट मिळतो, बालसंगोपन योजनेत बसत असेल तर महिना २,२५० रुपये मिळतात. हे ऐकूनही ती मूल सोपवेल, तर तो तिचा निर्णय. बापाचं नाव सांगायचं नसेल तर तिच्यावर जबरदस्ती करू नका. अविवाहित आईला पालकत्वासाठी बापाचं नाव सांगणं भाग नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्येच म्हटलंय. पण माहीत नसल्यामुळे ती गप्प राहिली, असं व्हायला नको.

ती पोर आता नर्सिंग शिकते. परवा फोनवर सांगत होती, आज पहिल्यांदा एका बाळाचं रक्त काढलं, बाळ फार रडलं. मी विचारलं, मग काय केलंस? म्हणाली, त्याच्या आईला आधीच सांगून ठेवलं होतं, खाऊ आणून ठेवा म्हणून.

बाहेरच्या टेबलावर अर्जाचे नमुने ठेवलेत. अंगणवाडीच्या ताईंनी प्रत्येकी पाच-पाच तरी घेऊन जा.