२३८ वर दोघे

काचेच्या बाटलीच्या तळाशी हा एक थेंब. वापरून झालेलं अणुइंधन आम्लात विरघळवून खूप विरळ केलं, त्यातला. यातल्या प्लुटोनियमचे कोणते समस्थानिक किती प्रमाणात आहेत, हे मास स्पेक्ट्रोमीटरला विचारायचं आहे. अडचण एकच. यंत्र वस्तुमान ओळखतं, मूलद्रव्य ओळखत नाही.

२३८ या वस्तुमानावर प्लुटोनियम येतं आणि युरेनियमही. दोघांच्या वस्तुमानात फरक आहे, पण दोन लाखांत जेमतेम एक भाग. नेहमीच्या यंत्राला तो दिसत नाही. २४१ वर प्लुटोनियम आणि अमेरिशियमची तीच गत. म्हणून ही जुळी यंत्रात जाण्याआधीच वेगळी करावी लागतात.

इंधन विरघळतं ते हॉट सेलच्या जाड भिंतींआड, यांत्रिक हातांनी. पुढचं काम ग्लोव्ह बॉक्समध्ये, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीत. पेटीतला दाब खोलीपेक्षा किंचित कमी असतो. मोज्याला भोक पडलंच, तर हवा आत जाते, आतलं बाहेर येत नाही.

आता सगळ्यात चतुर पायरी. पोतंभर पांढरे मणी मोजायचे आहेत, समजा. त्यात मोजून शंभर लाल मणी टाका, नीट ढवळा आणि एक मूठ काढा. एका लालामागे पन्नास पांढरे निघाले, तर पोत्यात पाच हजार होते. नंतर अर्धं पोतं सांडलं तरी हिशेब तोच! इथे लाल मण्यांच्या जागी प्लुटोनियम-२४२ किंवा २४४ मोजून घालतात. या भरीला स्पाइक म्हणतात.

मात्र 'नीट ढवळा' हे बोलायला सोपं. द्रावणात प्लुटोनियम तीन, चार, सहा अशा वेगवेगळ्या संयुजांत असू शकतं. स्पाइक एका रूपात आणि नमुना दुसऱ्या रूपात राहिला, तर दोघांच्या वाटा वेगळ्या होतात आणि उत्तर गुपचूप चुकतं. म्हणून आधी सगळं क्षपण करून खाली आणायचं, मग ऑक्सिडीकरण करून संयुजा चारवर स्थिर करायची.

मग रेझिनचा, म्हणजे आयन धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा, बोटाएवढा कॉलम (उभी नळी). आठ मोलर नायट्रिक आम्लात चार संयुजेचं प्लुटोनियम ऋणभारित संकुल होऊन रेझिनला चिकटतं. अमेरिशियम सरळ खाली निघून जातं. युरेनियम थोडं रेंगाळतं, आणखी आम्ल ओतलं की तेही जातं. शेवटी विरळ आम्लाने प्लुटोनियम सोडवून घ्यायचं. ही वेळ तारखेसह टिपून ठेवतात, कारण प्लुटोनियम-२४१ चा अर्धायुकाल १४.३ वर्षं. ते क्षय पावून अमेरिशियम पुन्हा तयार व्हायला लागलेलं असतं.

रेनियमच्या पातळ फिलामेंटवर एक मायक्रोलिटर थेंब. हलका विद्युतप्रवाह देऊन तो सुकवतात. निर्वातात ही पट्टी तापून नमुन्याची वाफ होते, शेजारची अधिक तापलेली पट्टी तिचे आयन करते.

इतकं करूनही २३८ च्या आकड्यावर जाणकार विश्वास टाकत नाहीत. युरेनियम धुळीत असतं, काचेत असतं, आम्लातही असतं. म्हणून एक थेंब अल्फा मोजणीला जातो. तिथे क्षय होताना बाहेर पडणारे अल्फा कण मोजतात. प्लुटोनियम-२३८ चा अर्धायुकाल ८७.७ वर्षं, युरेनियम-२३८ चा सुमारे ४४७ कोटी वर्षं. युरेनियम इतक्या संथपणे क्षय पावतं की तिथे त्याचा आवाजच ऐकू येत नाही. पण प्लुटोनियम-२३८ आणि अमेरिशियम-२४१ यांच्या अल्फा कणांची ऊर्जा जवळजवळ सारखी. त्यामुळे मोजणीला बसणारा माणूस आधी बाटलीवरच्या चिठ्ठीवर कॉलमची तारीख शोधतो.