एक तक्रार, दोन आवाज

(आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेईकल शाखेतल्या मुलांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

मुलांनो, सरांनी विषय दिलाय 'स्टिअरिंगची देखभाल'. तो तासाभरात उरकायचा नाही, म्हणून मी एकाच पिकअपची गोष्ट सांगतो. जुनी गाडी, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग (म्हणजे पंपानं दाबलेलं ऑइल चाक वळवायला मदत करतं), कांद्याच्या गोण्या मार्केट यार्डात टाकायच्या कामाची. मालक म्हणाला, "मिस्त्री, स्टिअरिंगमधून आवाज येतोय. टाय रॉड एंड बदलून झाले, तरी जात नाही." टाय रॉड म्हणजे चाक वळवणारा दांडा, एंड म्हणजे त्याच्या टोकाचा जोड.

गिऱ्हाईक नुसतं 'आवाज' म्हणतं. पुढचं आपण विचारायचं. थंड इंजिनवर येतो की तापल्यावर? गाडी उभी असताना की खड्ड्यातच? मी हे मालकाला विचारत नाही, ड्रायव्हरला विचारतो. ड्रायव्हर म्हणाला, "सकाळी गाडी मागं घेताना म्हशीवानी रेकते." झालं! रेकणं म्हणजे पंप, असं धरून मी पंप बदलला. चौथ्या दिवशी म्हैस परत दारात.

चूक माझी होती. पंप रेकतो तो बहुतेक वेळा खायला तेल कमी पडतं म्हणून, किंवा तेलातून हवा येते म्हणून. मी पंप खोलण्याआधी स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण काढायला हवं होतं. दुसऱ्या वेळी काढलं, तर लाल ऑइलवर गुलाबी फेस, फालुद्यासारखा. हवा कुठून आली? टाकीतून पंपाकडे जाते ती नळी ओढणारी. पंपापासून पुढच्या नळीत स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर 70 ते 100 बार दाब चढतो. तुमच्या लोडच्या टायरात चारेक बार असतो, त्यावरून अंदाज करा. ती नळी फुटली तर ऑइल उडतं, आंधळ्यालाही कळेल. ओढणारी नळी मात्र क्लिपपाशी कडक होऊन चिरली, की बाहेर काही टाकत नाही, आत हवा घेते. गाडीखाली एक थेंब नव्हता. नळीच्या टोकाला धूळ ओलसर होऊन चिकटली होती, एवढीच खूण.

नळी आणि दोन क्लिपा, बस्स. नंतर पुढची चाकं उचलून गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, ठेवली, आणि इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकाला फिरवलं. वीसेक वेळा तरी. मधेमधे ऑइल भरायचं, बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू. घाईनं आधीच चालू केलं तर पंप पुन्हा फेस घुसळतो. आणि हो, अगदी टोकाला नेल्यावर जो सूं आवाज येतो, तो दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा. तो आजार नाही. पण तिथं पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका, ऑइल तापतं.

रेकणं गेलं. ड्रायव्हर चक्कर मारून आला आणि म्हणाला, "आता कट कट ऐकू येतंय." ते आधीपासूनच होतं, रेकण्याखाली दबलेलं. टाय रॉड एंड बदलले ते त्याच्यापायी.

अशा वेळी पोरं लगेच जॅक लावतात. चाक घड्याळातल्या 9 आणि 3 वर धरून हलवलं की टाय रॉडची ढिल कळते, 12 आणि 6 वर धरलं की बॉल जॉइंट (चाकाचा गोळीवर फिरणारा जोड) किंवा व्हील बेअरिंगची. बरोबर आहे, तेही करायचं. पण चाक हवेत गेलं की भार जातो, आणि भार गेला की काही आवाज गप्प बसतात. म्हणून चाकं जमिनीवर, इंजिन बंद, चावी फिरवून स्टिअरिंगचं लॉक मोकळं. एकानं आत बसून स्टिअरिंग दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं हलवायचं. दुसऱ्यानं एकेका जोडावर हात ठेवत जायचं. लोखंडातून आवाज पळतो. कानाला वाटतं उजव्या चाकातून येतोय, ढिल असते भलतीकडंच. तळहाताला मात्र ठोका जिथं बसतो तिथंच लागतो.

मी बॉल जॉइंटला हात लावला, गप्प. टाय रॉडला, गप्प. नवेच होते म्हणा. स्टिअरिंग बॉक्सवर हलकासा. मग बॉनेटमधून हात घालून कॉलमखालच्या, म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्याखालच्या, शाफ्टचा जॉइंट धरला, आणि बोटांना टक् लागला. वरचा भाग फिरत होता, खालचा केसभर उशिरा.

शाफ्ट काढण्याआधी दोन्ही टोकांना रंगानं खूण केली, नाहीतर दात एक घर सरकून स्टिअरिंग तिरपं बसतं. नवा शाफ्ट, नवे बोल्ट. वेल्डिंग करून दे म्हणणारं गिऱ्हाईक भेटेल, त्याला सरळ हात जोडायचे.

त्या जॉइंटमधला जुना क्रॉस, म्हणजे अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, मी आणलाय. त्याच्या बेअरिंगमधल्या सुया सुकून लाल पूड झालीय बघा. पुढच्या बाकावरून मागं पाठवा, प्रत्येकानं हलवून बघा, आणि जाताना मला परत द्या.