दगडी रथावरचं शिखर: 1856 च्या फोटोंमधलं हंपी

हा फोटो नीट बघा. हंपीचा दगडी रथ, आपल्या 50 च्या नोटेवर आहे ना तोच. पण आता नजर वर न्या, रथाच्या डोक्यावर विटांचं शिखर आहे! आज हंपीला जाऊन शेकडो लोक इथं सेल्फी काढतात, त्यांच्या फोटोत हे शिखर नसतं, कारण ते आता जागेवर नाहीच. ते कसं दिसायचं हे आपण आज बघू शकतो ते अलेक्झांडर ग्रीनलॉमुळे. मद्रासच्या फौजेतला हा अधिकारी, 1856 मध्ये इथं कॅमेरा घेऊन आला होता.

हा आत्ताचा रथ. खरं तर हे गरुडाचं देऊळ आहे, समोर विठ्ठलाचं मंदिर. गाभारा रिकामा. संत भानुदासांनी मूर्ती इथून परत पंढरपूरला नेली असं वारकरी परंपरा सांगते, त्यामुळे आपल्या माणसाला इथं उभं राहिल्यावर वेगळंच वाटतं.

थोडं जवळ जाऊया. रथ ओढणारे हे हत्ती. त्यांच्या मागच्या दगडावर बघा, घोड्याचे मागचे पाय आणि शेपटी कोरलेली दिसते. म्हणजे आधी घोडे होते, हत्ती नंतर कुठून तरी आणून बसवलेत. ही चाकं एकेकाळी फिरायची, झीज होऊ नये म्हणून आता सिमेंटनं पक्की केलीयत.

आता ग्रीनलॉनं हे फोटो काढले कसे ते बघू, कारण ते कळल्याशिवाय या फोटोंची किंमत कळत नाही. टेबलावर जे चाललंय ती साधारण तीच पद्धत. निगेटिव्ह काचेची नाही, कागदाची. चांगला कागद घ्यायचा, त्यावर पोटॅशियम आयोडाइड, मग सिल्व्हर नायट्रेट, की तो उजेडाला संवेदनशील होतो. मग कॅमेऱ्यात घालून झाकण उघडायचं आणि वाट बघायची, सेकंद नाही, मिनिटं. नंतर अंधारात गॅलिक अॅसिड, आणि चित्र हळूहळू वर येतं, हे बघा आत्ता गोपुराची कड दिसायला लागली. कागदात मेण मुरवलेलं असतं म्हणजे उजेड आरपार जातो. मोठं करायची सोय नव्हती, निगेटिव्ह जेवढी प्रिंट तेवढीच. म्हणून मोठा फोटो हवा तर कॅमेराच मोठा लागायचा, ग्रीनलॉच्या निगेटिव्ह जवळजवळ दीड फूट आहेत! हे सगळं धूड, रसायनं, पाणी, अंधारी जागा, आणि हंपीचं ऊन.

मिनिटभर झाकण उघडं म्हटल्यावर चालता माणूस फोटोत उमटतच नाही. दगड मात्र हलत नाही, त्यामुळे खांबावरचं कोरीवकामसुद्धा दिसतं. आकाश सगळीकडे पांढरं सपाट, कारण या कागदाला निळा रंग जास्त उजेडासारखा लागतो.

या निगेटिव्ह नंतर विस्मरणात गेल्या आणि 1980 च्या सुमारास इंग्लंडमध्ये पुन्हा उजेडात आल्या, साधारण साठ. मग 1983 मध्ये जॉन गोलिंग्ज या ऑस्ट्रेलियन फोटोग्राफरनं ग्रीनलॉ जिथं उभा होता त्याच जागा शोधून परत फोटो काढले. मला विचाराल तर एखादी वास्तू समजून घ्यायची याहून चांगली पद्धत नाही, 127 वर्षांत काय पडलं, काय उभारलं, झाडी कुठे वाढली, सगळं समोरासमोर.

आता उत्तरेला जाऊ. हा बर्फ हिमालयातल्या मणिरंग खिंडीतला, उंची सुमारे 18,600 फूट, साल 1866, कॅमेरा सॅम्युअल बोर्न या इंग्रज फोटोग्राफरचा. बोर्नकडे काचेच्या प्लेट्स, आणि प्लेट ओली असतानाच फोटो काढून लगेच तंबूत धुवायची, वाळली की गेली. त्यासाठी डझनावारी हमाल काच आणि रसायनं पाठीवर घेऊन चढत होते. फोटोखाली नाव बोर्नचं, हमालांची नावं कुठेच नाहीत, हे म्हटलं पाहिजे.

आणि हे त्याच शतकातले आपले फोटोग्राफर, लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याचा जन्म, रुरकीला शिक्षण, इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन. म्हणूनच असेल, सांचीचं तोरण बघा, कॅमेरा कुठे ठेवायचा हे त्यांना आखणी करणाऱ्याच्या नजरेनं कळायचं. तिन्ही आडव्या तुळया सरळ, कुठे वाकडेपणा नाही. पुढे ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. त्यांच्या अडीच हजारांहून जास्त काचेच्या प्लेट्स दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत.

पण सगळंच असं टिकलं नाही. मघाच्या बोर्नच्या नावाची कंपनी, बोर्न अँड शेफर्ड, तिच्या कोलकात्याच्या स्टुडिओला 1991 मध्ये आग लागली, निगेटिव्हचा मोठा साठा गेला.

तुमच्या घरी जुन्या अल्बममध्ये सहलीचा फोटो असेल, मागे एखादं देऊळ, किल्ला, घाट दिसत असेल, तर तो स्कॅन करून ठेवा, आणि मागची बाजूही स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का आणि तारीख बहुतेक तिथेच असते.