मागची दीड वीत

(दृश्य: मोटरसायकल रस्त्याच्या कडेला थांबते. चालवणारा अजून हेल्मेटचा पट्टा सोडतोय. मागे बसलेली बाई खाली उतरून, कमरेवर हात ठेवून उभी आहे.)

दोघंही सारखाच रस्ता कापून आलेत. गाडी एकच, वेळही तेवढाच. पण उतरल्यानंतरची पहिली चार पावलं बघा. पुढे बसलेला सरळ चालायला लागतो. मागची आधी एक पाय झटकते, मग दुसरा, आणि मग कुठं पाऊल टाकते.

"त्रास झाला का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "नाही, ठीक आहे."

हे 'ठीक आहे' मी कित्येक वर्षं खरं मानलं. मग एकदा माझं मनगट दुखावलं, गाडी मित्रानं चालवायला घेतली आणि मी मागे बसलो. माझ्याच गाडीवर, पहिल्यांदा. अर्ध्या तासात मांड्यांना रग लागली. पाऊण तासानं डाव्या पायाला मुंग्या आल्या. ब्रेक लागला की मी घसरून मित्राच्या पाठीवर आदळायचो आणि पुन्हा मागे सरकायचो. घरी येऊन बायकोला म्हटलं, "तू कधी बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलले असते तर तू मला न्यायचंच बंद केलं असतंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सीट काढून टेबलावर ठेवली.

(दृश्य: टेबलावर उलटी ठेवलेली सीट. तळाच्या कडेनं ओळीनं मारलेल्या पिना.)

मागच्या बसणाऱ्याच्या वाट्याला येते ती जागा साधारण दीड वीत लांब. तिच्यावर सगळं वजन, सगळा प्रवास. इंग्रजीत या जागेला 'पिलियन' म्हणतात. शब्द मोटरसायकलपेक्षा खूप जुना आहे. त्याचं मूळ लॅटिनमधल्या कातडं या अर्थाच्या 'पेलिस' शब्दात सापडतं. घोड्यावर खोगिराच्या मागे जी छोटी गादी बांधत, ती पिलियन. म्हणजे नावापासूनच ही जागा मागाहून जोडलेली आहे, आणि आजही कितीतरी गाड्यांत ती तशीच वाटते.

(दृश्य: गाडी बाजूनं. मागच्या आसापासून वर जाणारी खडूची रेघ.)

मागच्याच्या त्रासाचं पहिलं कारण सीटमध्ये नाहीच, ते आहे जागेत. मागच्या चाकाच्या आसापासून सरळ वर रेघ ओढा. बहुतेक गाड्यांत ती मागच्या सीटमधून किंवा तिच्या अगदी जवळून जाते. चालवणारा दोन चाकांच्या मधे कुठंतरी असतो, त्यामुळे मागचं चाक उसळलं की त्याच्यापर्यंत अर्धामुर्धा धक्का पोचतो. मागचा सी-सॉच्या टोकावर बसलेला असतो. त्याला तो जवळजवळ पुरा मिळतो.

त्यात पुढच्याला रस्ता दिसतो. खड्डा दिसला की तो नकळत पायांवर भार घेतो आणि बूड किंचित उचलतो. मागच्याला खड्डा कळतो तो थेट कण्यातून.

आणि आपलं शरीरही या धक्क्यांना साथ देतं. बसलेल्या माणसाचं धड खाली-वर हलताना सेकंदाला साधारण 4 ते 8 वेळा होणारी कंपनं सर्वांत जास्त उचलतं. म्हणूनच शरीरावरची कंपनं मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयएसओ 2631 मध्ये, खाली-वर होणाऱ्या कंपनांच्या याच पट्ट्याला सर्वांत जास्त महत्त्व दिलंय.

(दृश्य: लाकडी स्टुलावर खोक्याचा जाड पुठ्ठा. कोणीतरी त्यावर बसतं. मग उठतं.)

आता ज्याच्यासाठी सीट करायची, त्याला बोलवा. ही पायरी कृपा करून गाळू नका. सीट गाडीच्या मापानं करून भागत नाही, ती माणसाच्या मापानं करावी लागते.

कडक स्टुलावर पुठ्ठा ठेवा. त्यावर दोन मिनिटं बसायचं, गुडघे जरा उंच राहतील असे पाय कशावर तरी टेकवून. उठल्यावर पुठ्ठ्यावर तळहात फिरवा. दोन खळगे लागतात. पेन्सिल आडवी धरून हलकेच घासली की ते डोळ्यांनाही दिसतात. ही आपली बैठकीची दोन हाडं. खळग्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर साधारण 10 ते 14 सेंटीमीटर भरतं. बायकांचं सरासरीनं थोडं जास्त असतं.

माझ्या बायकोच्या पुठ्ठ्यावरचं अंतर घेऊन मी सीटवर खडूनं दोन खुणा केल्या. दोन्ही खुणा बरोबर शिलाईवर आल्या. शिलाईची ती जाड, दुमडलेली कड इतकी वर्षं तिच्या हाडांखाली होती, आणि मी दर आठवड्याला त्याच सीटवर फडकं मारत होतो.

बसल्यावर वजनाचा मोठा भाग या दोन टोकांवर येतो. 1930 मध्ये युजीन लँडिस या शास्त्रज्ञानं अतिशय बारीक काचेच्या नळीनं केशवाहिन्यांमधला रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सुमारे 32 मिलिमीटर पारा इतका भरला. कडक सीटवर हाडाखालच्या मांसावर येणारा दाब हा आकडा सहज ओलांडतो. मग तिथलं रक्त अडतं, आणि शरीर चुळबूळ करून सांगायला लागतं, की जागा बदल. घरी खुर्चीत आपण ती सारखी बदलतो. गाडीवर मागच्यानं चुळबूळ केली की गाडी हलते, म्हणून तो बिचारा अंग चोरून बसतो.

(दृश्य: फोमचे तीन तुकडे शेजारी शेजारी. अंगठ्यानं एकेक दाबून बघणारा हात.)

आता फोम. माझी पहिली चूक इथंच झाली, आणि बहुतेकांची होते. मी मऊत मऊ फोम आणला, चार बोटं जाडीचा. बायको बसली आणि म्हणाली, "वा!" पहिली दहा मिनिटं खरोखर वा होती. मग फोम हाडांखाली दबून पापडासारखा झाला आणि ती थेट तळावर बसल्यासारखी झाली. बाजूचा न दबलेला फोम मात्र फुगून मांड्यांमधे शिरत होता. म्हणजे आधीपेक्षा वाईट.

फोमचे दोन गुण वेगळे आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक घनता, दुसरा कडकपणा. घनता म्हणजे एका घनमीटर फोमचं वजन. ती घरी तपासता येते. 10 सेंटीमीटरचा चौकोनी ठोकळा कापा, सगळ्या बाजू सारख्या, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जितके ग्रॅम भरतील, तितके किलो दर घनमीटरला. 50 ग्रॅम भरला तर घनता 50. कडकपणा म्हणजे तो ठरावीक खोलीपर्यंत दाबायला किती जोर लागतो. जास्त घनतेचा फोम मऊही असू शकतो. पण कमी घनतेचा फोम आज कितीही छान वाटला तरी लवकर बसतो, आणि एकदा बसला की उठत नाही.

म्हणून थर करायचे. खाली रिबाँडेड फोम, रंगीबेरंगी ठिपक्यांचा, फोमचे बारीक तुकडे चिकटवून केलेला. तो कडक असतो आणि मोठा धक्का तळापर्यंत पोचू देत नाही. मधे चांगल्या घनतेचा, मध्यम कडक पॉलियुरेथेन फोम. ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जर्मनीत 1937 मध्ये शोधून काढलेल्या पॉलियुरेथेनच्याच घराण्यातला हा फोम, आणि आजही कितीतरी गाड्यांच्या सीटमध्ये तोच असतो. वर एक बोट जाडीचा मऊ थर, फक्त स्पर्शासाठी.

मेमरी फोमबद्दल नेहमी विचारलं जातं. तो 1966 मध्ये नासाच्या एम्स संशोधन केंद्रासाठी झालेल्या कामातून आला, विमानाच्या आसनांसाठी. दाब पसरवण्यात तो उत्तम आहे. पण तो सावकाश उठतो. एका खड्ड्यात दबला की पुढचा खड्डा येईपर्यंत वर आलेला नसतो. थंडीत घट्टही होतो. वरच्या पातळ थरासाठी ठीक, सगळी सीट त्याची करू नये.

जेल पॅड दाब छान वाटून देतो, पण गाडी उन्हात उभी राहिली की तो तापतो आणि लवकर निवत नाही. बसवायचाच तर फोममध्ये त्याच्या आकाराचा खळगा कोरून बसवा आणि वर पातळ फोम घ्या, नाहीतर त्याची कड टोचते. हवेची गादी कापायची-चिकटवायची तयारी नसलेल्यांसाठी चांगली. फक्त ती टम्म फुगवू नका. आधी फुगवायची, बसायचं आणि मग बसल्याबसल्या हवा सोडत जायचं, बूड सीटला टेकेल न टेकेल इथपर्यंत. फुगलेल्या गादीवर माणूस चेंडूवर बसल्यासारखा डोलतो.

(दृश्य: पाव कापायच्या लांब दातेरी सुरीनं फोम कापला जातोय. मग खरखरीत पॉलिश पेपर.)

कापणं हळूहळू करा. पुढची कड, जिथं मांड्या उतरतात, ती गोल आणि अरुंद हवी. रुंद सीट दिसायला ऐसपैस असते, पण दोन्ही बाजूंना पाय टाकून बसल्यावर तीच मांड्या फाकवते आणि खुबे भरून येतात. मागच्या बाजूला, माकडहाड येतं तिथं, दोन बोटं रुंदीची उथळ पन्हळ काढा. ही छोटी पन्हळ माझ्या मते सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे. उतार तपासायला गाडी सरळ उभी करून सीटवर गोटी ठेवा. ती पुढे घरंगळत असेल तर ब्रेक लागल्यावर माणूसही घरंगळणार. मागचा फोम थोडा उतरवा किंवा पुढचा थोडा चढवा, गोटी जागच्या जागी राहीपर्यंत.

उंची मात्र मर्यादेत ठेवा. मागचा माणूस जितका वर जाईल तितका वारा त्याच्या डोक्यावर येईल, आणि चालवणाऱ्याला गाडी वरून जड लागेल. धरायचं हँडल किंवा पट्टा नव्या सीटखाली झाकला जाणार नाही, हेही पाहा. हाताला धरायला काही नसेल तर सीट कितीही चांगली असो, माणूस अंग आवळूनच बसतो.

(दृश्य: फूटरेस्टवर टेकलेला पाय. गुडघा घट्ट दुमडलेला.)

फूटरेस्ट उंच असेल तर गुडघे छातीकडे येतात, मांड्या सीटवरून उचलल्या जातात आणि जे वजन मांड्यांनी वाटून घ्यायचं तेही दोन हाडांवर येतं. काही गाड्यांना फूटरेस्ट खाली आणायचे ब्रॅकेट मिळतात. पक्के बसणारे, सायलेन्सरला न घासणारे आणि वळणावर जमिनीला न लागणारे असतील तरच घ्यावेत. ते जमत नसेल तर दीड-दोन सेंटीमीटर जास्तीचा फोमसुद्धा गुडघ्याला मोकळं करतो.

(दृश्य: मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंगखालची खाचांची रिंग.)

1950 मध्ये नॉर्टन कंपनीच्या शर्यतीच्या गाडीला मॅककँडलेस बंधूंची नवी चौकट, म्हणजे गाडीचा सांगाडा, मिळाली. हॅरोल्ड डॅनियल या शर्यतपटूनं ती चालवून पाहिली आणि म्हणाला, पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं. त्यावरून त्या चौकटीचं नावच 'फेदरबेड' पडलं. गादीचं नाव मिळालं, पण ते सीटला नव्हे. चौकटीला आणि तिच्या सस्पेन्शनला.

आपल्या गाडीवर दोघं बसले की मागचा शॉक खाली बसतो आणि त्याची धाव संपत येते. मग मोठ्या खड्ड्यात तो तळाला आपटतो. तो आपटलेला धक्का कुठलाही फोम गिळू शकत नाही. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंगच्या बुडाशी खाचांची रिंग असते. ती वाकड्या पान्यानं एक-दोन खाचा फिरवली की स्प्रिंगला आधीपासून ताण मिळतो, गाडी पुन्हा नेमक्या उंचीवर येते आणि शॉकला खाली जायला जागा उरते. एकट्यानं निघताना परत पूर्वीच्या खाचेवर आणा. पाच मिनिटांचं काम आहे. मी ते कितीतरी वर्षं केलं नव्हतं.

(दृश्य: रेक्झिन उन्हात पसरलेलं. मग सीटवर ताणलं जातंय.)

कव्हर चढवण्याआधी रेक्झिन थोडा वेळ उन्हात ठेवा, म्हणजे ते लवचिक होतं. शिलाई हाडांच्या खुणांपासून दूर, बाजूच्या उभ्या अंगावर हवी. टाक्यांच्या भोकांतून पाणी झिरपतं आणि फोम ते स्पंजासारखं धरून ठेवतो, म्हणून फोमवर आधी पातळ प्लास्टिक ओढा. पिना न गंजणाऱ्या घ्या. पहिली समोर, दुसरी मागे, मग दोन्ही बाजूंच्या मध्यावर, आणि तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यात चुणी पडली तर पिन काढून पुन्हा ताणा.

पण आज सगळ्या पिना मारू नका. आठ-दहा पिनांवर कव्हर तात्पुरतं अडकवा आणि दोघं मिळून तासभर फिरून या.

(दृश्य: संध्याकाळ. तीच मोटरसायकल, तीच दोघं. ती उतरते, सीटच्या डाव्या बाजूवर बोट ठेवते.)

पहिल्या फेरीनंतर बायको म्हणाली, "डावीकडे अजून लागतंय." मी पिना काढल्या, खडूच्या खुणेपाशी फोम जेमतेम अर्धा सेंटीमीटर घासला आणि कव्हर परत चढवलं. दुसऱ्या फेरीनंतर ती म्हणाली, पन्हळ थोडी मागे हवी. तिसऱ्या फेरीत आम्ही ठरलेल्या वळणावरून मागे फिरणार होतो. वळण आलं तेव्हा तिनं खांद्यावर थाप मारली आणि हातानं पुढचा रस्ता दाखवला.

(दृश्य: रात्री टेबलावर उलटी सीट. पिना मारायच्या यंत्राचा आवाज. एक, दोन, तीन.)